तबकडी एक सांगते, मशीन दुसरंच: जुनं मनगटी घड्याळ कसं पारखावं

सहाच्या जागी सेकंदाची छोटी गोल तबकडी, थोडी खोलगट, आणि तिच्या कडेने साठ बारीक रेघांचं वर्तुळ. घड्याळ घेऊन तीन महिने झाले होते. एका दुपारी सहज दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि पोटात खड्डा पडला. रेघांचं वर्तुळ खोलगट भागाच्या मधोमध नव्हतंच. डावीकडे ते कडेपासून केसभर लांब होतं, उजवीकडे रेघांची टोकं उतारावर चढली होती. सेकंदकाट्याचं टोक एका बाजूला रेघांवर पडायचं, दुसऱ्या बाजूला रेघांपर्यंत पोचायचंच नाही. ही छपाई कारखान्यातली असणं शक्य नव्हतं. मूळ तबकडी कधीतरी कुणीतरी खरवडून, रंगवून, नव्याने छापली होती. मी घेताना पाहिलं ते इतकंच, की तबकडी किती स्वच्छ आहे! पन्नास-साठ वर्षांच्या वस्तूच्या चेहऱ्यावर एक डाग नाही, याचा संशय यायला हवा होता. त्याऐवजी मी त्याचेच जास्त पैसे मोजले.

मशीन मात्र शंभर नंबरी निघालं. म्हणून मग प्रश्न पडला, की हे घड्याळ खरं म्हणायचं की खोटं?

आधी शब्द नीट लावून घेऊ

जुन्या घड्याळाला ‘अस्सल की नकली’ असा सरळ प्रश्न विचारून भागत नाही. एक असतं पूर्ण नकली, म्हणजे नाव एका कंपनीचं आणि आतलं सगळं भलतंच. असं घड्याळ झाकण उघडताच उघडं पडतं. दुसरं रीडायल, म्हणजे तबकडी मूळचीच पण पुन्हा रंगवून छापलेली. तिसरी सर्व्हिस तबकडी, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी कंपनीनेच बसवलेली नवी तबकडी. ती कंपनीची खरी, पण त्या घड्याळाबरोबर जन्मलेली नाही. चौथं फ्रँकन, म्हणजे पाच घड्याळांचे सुटे भाग जमवून उभं केलेलं सहावं. आणि पाचवं, जे आपल्याला हवं असतं, ते जसं कारखान्यातून निघालं तसंच म्हातारं झालेलं.

फसवतं ते बहुधा चौथं, कारण त्यातला एकेक भाग सुटा पाहिला तर खराच असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टरचं २९१५-१ हे मॉडेल ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. तपकिरी पडलेली तबकडी, १९५७ चं मॉडेल, सगळे हरखून गेले होते. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं, की हे घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जोडून बनवलेलं आहे आणि यात कंपनीचे काही माजी कर्मचारी सामील होते. इतक्या जाणकारांच्या नजरेखालून ते सुटलं, तर आपण नम्रच राहिलेलं बरं.

म्हणून पारखताना मी ‘हा भाग खरा आहे का’ एवढ्यावर थांबत नाही. तबकडी, काटे, चमकणारा रंग, मशीन, झाकण हे सगळे एकाच काळाचे आणि एकाच घरचे आहेत का, हे बघतो. साक्षीदार पाच आहेत. प्रत्येकाची जबानी वेगळी घ्यायची आणि मग ताडून पाहायची. सगळ्यात गोड बोलणारा साक्षीदार तबकडी असतो, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास.

घड्याळ हातात येण्याआधी

निम्मं काम इथेच होतं. विक्रेत्याकडून मॉडेल नंबर घ्या आणि त्याच मॉडेलच्या निदान वीस घड्याळांचे मोठे, स्पष्ट फोटो गोळा करा. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या याद्या आणि कंपन्यांच्या त्या काळच्या छापील जाहिराती यासाठी उत्तम. वीस का, तर पाच फोटोंतली तीन घड्याळं रीडायल निघू शकतात आणि चुकीचाच नमुना डोळ्यांत बसतो. एकेक अक्षर बघा. ‘एस’ची शेपटी कुठे वळते, ‘आर’चा पाय सरळ आहे की बाकदार, नाव आणि चिन्ह यांच्यात किती जागा आहे.

विक्रेत्याला चार फोटो मागा: तबकडी समोरून, तबकडी तिरप्या उजेडात, मशीन, आणि झाकणाची आतली बाजू. ‘मशीनचा फोटो नाही, पण चालतंय मस्त’ असं उत्तर आलं, तर आत काही नाहीच असं धरून भाव करा. त्यात विक्रेत्याचा अपमान नाही. जे दाखवलं नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत, इतकंच.

सामान फार लागत नाही. दहापट भिंग, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, एक मऊ कापड, आणि मोबाइलचा कॅमेरा.

तबकडी: भिंगाखाली काय बघायचं

बहुतेक जुन्या तबकड्या पितळी पत्र्याच्या असतात. त्यावर रंग किंवा मुलामा चढतो, मग छपाई, आणि वर लॅकरचा पातळ थर. छपाईची पद्धत अशी: कोरलेल्या धातूच्या पाटीत शाई भरायची, मऊ गोळ्याने ती उचलायची आणि तबकडीवर अलगद टेकवायची. कारखान्याकडे त्या मॉडेलसाठीच कोरलेली पाटी असते. रीडायल करणाऱ्याकडे सरसकट वापरायच्या पाट्या असतात. फरक नेमका इथे दिसतो.

भिंग लावून पहिल्यांदा नाव बघा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात, शाईची जाडी सारखी, आडव्या-उभ्या रेघा नेमक्या. रीडायलमध्ये अक्षरं थोडी फुगलेली, ‘ए’ आणि ‘ई’ यांच्या पोटातली जागा बुजत आलेली, दोन ओळी एकमेकींना समांतर नसलेल्या. नाव फसवण्याइतकं चांगलं छापतात, कारण सगळे तिथेच बघतात. मी आता उलट क्रमाने बघतो: आधी मिनिटांच्या रेघा, मग छोटी सेकंदाची तबकडी, मग तळाची अक्षरं, आणि नाव शेवटी. कारागीर दमतो ते अशा कडेकोपऱ्यांत.

मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका रेषेत येतात का? बारा, तीन, सहा, नऊ या चार ठिकाणी ताडून बघा. तासांच्या धातूच्या खुणा वरून बसवलेल्या असतील, तर त्यांच्या पायाशी बघा. अशा खुणांचे बारीक पाय तबकडीच्या भोकांतून मागे जातात. रंगवणाऱ्याने खुणा न काढता रंग मारला असेल, तर त्यांच्या मुळाशी रंग साचलेला दिसतो, झाडाच्या बुंध्याशी पाणी साचावं तसा. तारखेची खिडकी असेल तर तिच्या आतल्या कडाही बघा. कारखान्याची खिडकी स्वच्छ कापलेली असते. रंग आत ओघळला असेल तर कुणीतरी नंतर ब्रश फिरवलाय.

सूर्यकिरणांसारख्या घासलेल्या तबकडीत किरण नेमके मध्यातून फुटायला हवेत. उजेड फिरवत बघा. तिचा केंद्रबिंदू काट्यांच्या दांडीपासून सरकलेला दिसला, तर कुणीतरी हाताने घासलीय.

काळ्या तबकडीवरच्या सोनेरी अक्षरांना संग्राहक ‘गिल्ट’ म्हणतात. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रोलेक्सच्या बऱ्याच काळ्या तबकड्या अशा होत्या. गंमत म्हणजे ती सोनेरी शाई नसतेच. अक्षरं झाकून ठेवून बाकी भागावर काळा थर चढवतात, मग अक्षरांवरचं झाकण काढतात. दिसतो तो खालचा धातू. म्हणून तिरप्या उजेडात खरी गिल्ट अक्षरं काळ्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोल वाटतात आणि धातूसारखी लकाकतात. नकली गिल्ट म्हणजे वरून छापलेली सोनेरी शाई: उंचवटा जाणवतो, आणि भिंगाखाली रवाळ दिसते.

एक सूचना. तबकडीच्या कडेला कानशीने मारलेली छोटी खाच दिसली, तर ती रीडायल करणाऱ्याची खूण असू शकते. तबकडी साच्यात नेमकी बसवण्यासाठी तशी खाच पाडायची रीत होती. पण काही मूळ तबकड्यांनाही खाच असते. तेव्हा फक्त खाचेवरून निकाल देऊ नका.

चमकणारा रंग वय सांगतो

आपण अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सर्रास ‘रेडियम’ म्हणतो, अगदी सायकलच्या मागच्या पट्टीलासुद्धा. घड्याळांत मात्र एकेकाळी खरंच रेडियम होतं, आणि तबकडीचं वय ठरवायला याच्याइतका कामाचा साक्षीदार दुसरा नाही.

ढोबळ हिशेब असा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम. त्यानंतर ट्रिटियम, तेही किरणोत्सारीच, साधारण १९९८ पर्यंत. त्यानंतर ल्युमिनोव्हा आणि तिची स्विस आवृत्ती सुपर-ल्युमिनोव्हा. या रंगात किरणोत्सार नाही, तो फक्त उजेड साठवून परत देतो. ल्युमिनोव्हा जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये आणली. ट्रिटियम असलेल्या तबकडीवर तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ छापतात, किंवा ‘टी’पुढे पंचवीसपेक्षा कमी अशी खूण. रेडियमच्या काळातल्या तबकडीवर तळाशी बहुधा नुसतं ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’.

आता जबानी ताडा. १९५५ चं म्हणून सांगितलेल्या घड्याळाच्या तबकडीवर ‘टी’ असेल, तर तबकडी नंतरची आहे. १९७० च्या घड्याळावर नुसतं ‘स्विस’ आहे आणि आकड्यांवर चमकणारा ठिपका आहे, तर थांबा आणि विचार करा. एक सापळा ध्यानात असू द्या: १९९८-९९ च्या सुमाराला, ट्रिटियम सोडून ल्युमिनोव्हाकडे जाताना, रोलेक्सच्या काही तबकड्यांवर पुन्हा नुसतं ‘स्विस’ आलं होतं. तेवढ्या एका शब्दावर चाळीस वर्षांची गफलत होऊ शकते.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चची परीक्षा सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत दहा सेकंद उजेड मारा आणि टॉर्च बंद करा. जुना ट्रिटियमचा रंग टॉर्चखाली थोडा उजळेल आणि टॉर्च विझताच काही क्षणांत मावळेल. रेडियमचा रंग बहुधा मेलेलाच असतो, पण त्याचं कारण वेगळं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, म्हणजे ते अजून तसंच जिवंत आहे. मरतो तो त्याच्याबरोबर मिसळलेला, प्रत्यक्ष चमकणारा झिंक सल्फाइड, जो सततच्या माऱ्याने निकामी होतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य मात्र १२.३ वर्षं, त्यामुळे तिथे इंधनच संपलेलं असतं. टॉर्च विझल्यावरही ठिपके मिनिटभर हिरवे झळाळत राहिले, तर तो रंग नवा आहे, मग वरून कितीही पिवळट दिसो.

उलट मात्र खरं नाही. हल्ली न चमकणारा, मुद्दाम पिवळसर केलेला रंगही भरतात. तो टॉर्चला सापडत नाही. तिथे भिंग कामाला येतं: जुना रंग रवाळ, थोडा भेगाळलेला, काट्याच्या चौकटीत किंचित आकसलेला असतो. नवा गुळगुळीत, फुगीर, कडेवरून बाहेर आलेला.

माझी सर्वांत आवडती खूण मात्र एक प्रकारची जखम आहे. रेडियम भरलेले काटे घड्याळ बंद पडल्यावर एकाच जागी वर्षानुवर्षं थांबले, की त्यांच्या खालच्या तबकडीवर काट्याच्याच आकाराची तपकिरी सावली उमटते. काटे हलवले तरी सावली तिथेच. दहा वाजून वीस मिनिटांनी कधीतरी कुणीतरी ते घड्याळ कपाटात ठेवलं आणि विसरलं, एवढं त्यातून कळतं. अशी तबकडी बरेच जण कमी दर्जाची मानतात. मला ती हवीहवीशी वाटते, कारण ती पुन्हा रंगवलेली असती तर ही सावली राहिलीच नसती.

सुरक्षेचं एक वाक्य, पण गंभीरपणे: रेडियमचा रंग कधीही खरवडू नका, फुंकू नका, काच काढून बोट लावू नका. धोका मनगटावरून कमी आणि श्वासातून जाणाऱ्या धुळीतून जास्त आहे. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर असेल तर रेडियम काचेतूनही कळतं. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे, की काच ओलांडतच नाहीत.

काटे, आणि खोटं म्हातारपण

काटे आणि तबकडी एकाच खोलीत म्हातारे झालेले असतात. तबकडीचे ठिपके मधासारखे पिवळे आणि काट्यांतला रंग दुधासारखा पांढरा, हे सहसा जमत नाही. थोडा फरक चालतो, कारण काट्यातल्या रंगाला मागे पत्रा नसतो. काट्यांची लांबीही बघा: मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांना टेकायला हवा, तासकाटा तासखुणेच्या आतल्या टोकाशी. आखूड पडलेला काटा उसना असतो.

तपकिरी पडलेल्या काळ्या तबकडीला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिला वेड्यासारखा भाव येतो. साहजिकच लोक तबकड्या भट्टीत भाजतात, उन्हात वाळवतात. खरं म्हातारपण असमान असतं. ओलावा कडेकडून आत शिरतो, म्हणून डाग काचेच्या कडेला जास्त, किल्लीच्या बाजूला आणखी जास्त. तबकडीची सर्वांत बाहेरची कड केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, आतल्या कंगोऱ्याखाली झाकलेली असते. तबकडी बाहेर काढल्यावर तिथे मूळ काळा रंग टिकलेला दिसला, तर तो विश्वासाचा पुरावा. आणि तबकडी भयंकर तपकिरी, पण काटे, खुणा आणि काचेचा आतला भाग एकदम ताजा, तर मग म्हातारी फक्त तबकडीच का झाली, हे विचारा.

झाकण उघडताना

खटक्याचं झाकण, आट्यांचं झाकण, किंवा काचेच्या बाजूने उघडणारी एकसंध केस, असे तीन प्रकार. खात्री नसेल तर उघडू नका. सुरी घसरून केसवर पडलेला ओरखडा भरून निघत नाही, आणि समोरून उघडणाऱ्या केसला मागे झाकण शोधणारे बरेच भेटलेत. जवळच्या घड्याळजीकडून उघडून घ्या आणि त्या दोन मिनिटांत भरपूर फोटो काढा.

झाकणाच्या आत बघा. मॉडेल नंबर असतो. कधी सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा असतात: दुरुस्ती केलेल्या घड्याळजींनी आपापल्या टाकलेल्या, तारखा किंवा आद्याक्षरं. मला हे ओरखडे बघून हायसं वाटतं. घड्याळ जगलंय, लोकांनी त्याला दुरुस्त करण्याइतकं महत्त्व दिलंय.

मशीन: इथे खोटं बोलणं अवघड

संग्राहक मुव्हमेंट म्हणतात, घड्याळजी मशीन म्हणतात. मी मशीनच म्हणतो.

पहिला प्रश्न: हे मशीन कुणाचं? नाव ब्रिजवर, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कोरलेलं असतं, पण खरी ओळख बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, खाली किंवा शेजारी, मुख्य प्लेटवर असते. तिथे कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा, आकडा आणि मशीन बनवणाऱ्याची छोटी खूण सापडते. स्विस घड्याळांच्या असंख्य कंपन्या स्वतः मशीन बनवत नव्हत्या, एटा, ए. शील्ड, एफएचएफ, पेसू, युनिटास, फेल्सा, आणि क्रोनोग्राफसाठी, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांसाठी, वालजू, व्हीनस, लँडेरॉन यांच्याकडून घेत. त्यामुळे प्रसिद्ध नावाच्या घड्याळात ए. शील्डचं मशीन दिसलं म्हणजे नकली, असं नाही. ती कंपनी त्या काळात त्या मॉडेलसाठी कुठलं मशीन घेत होती, हे महत्त्वाचं.

उदाहरण स्पीडमास्टरचंच घेऊ, कारण इथे सगळं स्वच्छ आहे. १४५.०१२ या मॉडेलमध्ये कॅलिबर ३२१ असतं. १९६८ पासून १४५.०२२ आलं आणि त्यात कॅलिबर ८६१. ३२१ तासाला १८,००० ठोके मारतं, ८६१ मारतं २१,६००. म्हणजे सेकंदाला पाच विरुद्ध सहा. झाकण उघडायच्या आधी मोबाइलवरच्या ठोके मोजणाऱ्या ॲपवर हे कळू शकतं. झाकणावर १४५.०१२ आणि आत ८६१, म्हणजे कुणीतरी दोन घड्याळांची सोयरीक जमवलीय. ३२१ असलेल्या घड्याळांच्या तबकडीवर ओमेगाचं चिन्ह धातूचं, वरून बसवलेलं असतं. नंतर ते छापील झालं. तीन साक्षीदार इथे एका ओळीत उभे करता येतात.

आकड्याला प्रमाण मानताना सावध. रोलेक्सच्या १५७५ कॅलिबरच्या बऱ्याच मशीनवर ब्रिजवर १५७० च कोरलेलं असतं, कारण तो ब्रिज दोन्हींना सामाईक. हे माहीत नसेल तर चांगलं घड्याळ ‘जुळत नाही’ म्हणून हातचं जाईल.

सीरियल नंबर: ओमेगाच्या १९६० च्या दशकातल्या मशीनवर तो ब्रिजवरच कोरलेला सापडतो. त्या काळच्या रोलेक्समध्ये तो केसवर, पट्टा काढल्यावर सहाच्या बाजूला दोन कानांच्या मधे दिसतो. बाराच्या बाजूला मॉडेल नंबर. कोरीवकाम हिऱ्यासारखं लखलखीत आणि खोल हवं. आम्लाने खाल्ल्यासारखं, कडा विरलेलं असेल, तर शंका घ्या. लाँजीन या स्विस कंपनीचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं: सीरियल नंबर कळवला तर आपल्या जुन्या नोंदवह्यांतून घड्याळ कधी आणि कुणाला पाठवलं, आत कुठलं कॅलिबर होतं, हे सांगतात. जिथे अशी नोंद मिळू शकते तिथे ती घ्याच. पण नोंद मशीनची असते, तबकडीची नव्हे, हे विसरू नका.

अमेरिकेला पाठवलेल्या स्विस मशीनवर बॅलन्सच्या ब्रिजवर तीन अक्षरी आयातखूण असते: ओमेगाला ओ-एक्स-जी, रोलेक्सला आर-ओ-डब्ल्यू. शिवाय कधी ‘अनॲडजस्टेड’, म्हणजे न जुळवलेलं, असा शब्द. तो वाचून लोक दचकतात. तिथला आयातकर मशीन आडवं, उभं अशा किती स्थितींत जुळवलंय त्यावर वाढायचा, म्हणून तसं लिहून टाकत. अशा घड्याळांची केस बऱ्याचदा अमेरिकेतच बनवून घेत, तेव्हा तिच्यावर कंपनीचा स्विस मॉडेल नंबर न सापडणं हा गुन्हा नाही.

तबकडीवर ‘२१ ज्वेल्स’ (मशीनमधले खडे) आणि मशीनवर ‘१७’ असेल, तर वाद मिटला. तबकडी ‘ऑटोमॅटिक’ म्हणते आणि आत हाताच्या हालचालीने फिरून चावी देणारा रोटरच नाही, असंही पाहिलंय.

आता नजर हत्यारांच्या खुणांकडे. स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या झाल्यात का? एका ब्रिजचा मुलामा तांबूस आणि शेजारचा पांढुरका आहे का? एकाच मशीनचे ब्रिज एकाच दिवशी एकाच मुलाम्यात बुडालेले असतात. रंग वेगळा म्हणजे एक ब्रिज दुसऱ्या मशीनमधून आलेला.

मशीन केसमध्ये घट्ट बसलंय का? भोवती प्लास्टिकची किंवा कच्च्या पत्र्याची कडी घालून पोकळी भरली असेल, तर ती केस त्या मशीनसाठी नव्हतीच. किल्लीची दांडी केसच्या भोकाच्या मधोमध यायला हवी. ती वर किंवा खाली घासत असेल, तर उंची जुळत नाही. क्रोनोग्राफमध्ये छोट्या तबकड्यांच्या मध्यातून काट्याची दांडी नेमकी वर यावी लागते, कारण प्रत्येक कॅलिबरमध्ये त्या दांड्यांमधलं अंतर ठरलेलं असतं. वालजू ७२ साठी बनवलेली तबकडी दुसऱ्या मशीनवर बळजबरीने बसवली, तर काटे छोट्या वर्तुळांच्या मधोमध न फिरता एका बाजूला फिरतात.

एक जात विशेष फसवी: जुन्या खिशातल्या घड्याळाचं अस्सल मशीन, आणि त्याभोवती नवी मोठी केस, नवी तबकडी, मागे काच. नाव कुठलंही भारी. विक्रेता म्हणतो, ‘मशीन शंभर वर्षांचं आहे,’ आणि ते खोटं नसतं. खूण अशी: उघड्या तोंडाच्या खिशातल्या घड्याळात किल्ली बारावर आणि छोटा सेकंद सहावर, म्हणजे समोरासमोर असतो. तेच मशीन मनगटी केसमध्ये किल्ली तीनवर घेऊन बसवलं, की छोटा सेकंद आपोआप नऊवर जातो. १९३० च्या नावाने विकायला ठेवलेल्या, नऊवर सेकंद असलेल्या ऐसपैस मनगटी घड्याळाकडे मी म्हणूनच कौतुकाने पण पाकीट खिशात ठेवून बघतो.

सेकोसाठी थोडं वेगळं

सेको या जपानी कंपनीने स्वतःच इतकी माहिती लिहून ठेवलीय, की न बघणं आळशीपणा ठरेल. झाकणावर दोन आकडे जोडून असतात, जसं ६१३९-६००२. पहिले चार आकडे कॅलिबर, पुढचे केस. सीरियलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. दशक आपण ठरवायचं. ६१३९ कॅलिबर १९६९ चं, म्हणून सीरियल ७३ ने सुरू झालं तर मार्च १९७७. तबकडीच्या तळाशी डोळे फाडून वाचावी अशी बारीक ओळ असते, तिचे पहिले चार आकडे मशीनशी जुळायला हवेत. ती ओळच नसेल, तर तबकडी बाजारातली नवी समजा. या मॉडेलच्या तशा तबकड्या ढिगाने मिळतात.

आणि एक शब्द. साधारण १९७० पर्यंत सेको ‘वॉटर प्रूफ’ लिहायचं, मग ‘वॉटर रेझिस्ट’ लिहू लागलं. तबकडी ‘प्रूफ’ म्हणते आणि झाकण १९७७ चं ‘रेझिस्ट’वालं. दोघांपैकी एक जण पाहुणा आहे.

काय खपवून घ्यावं

सगळंच नाकारलं तर एकही घड्याळ हाती लागणार नाही. काच, किल्ली, मेनस्प्रिंग, पट्टा हे बदललेले असणारच. ती झीज आहे. सर्व्हिस तबकडीही प्रामाणिकपणे सांगून, कमी भावात दिली तर वाईट नाही. लष्करी घड्याळांचं तर निराळंच. आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या मार्क ११ घड्याळाला ब्रिटिश सैन्याने स्वतः रेडियम काढून ट्रिटियम भरलं आणि तबकडीवर गोलात ‘टी’ छापला. तो बदलसुद्धा त्या घड्याळाच्या नोकरीचाच भाग आहे, आणि संग्राहक तो दोष मानत नाहीत. रीडायलही घालायला छान असतं, फक्त रीडायलच्या भावात.

मोठी रक्कम गुंतत असेल, तर शेवटची पायरी: घड्याळजीकडून तबकडी उतरवून तिची पाठ बघा. मागे दोन छोटे पाय असतात, मशीनच्या भोकांत बसणारे. पाय कापलेले आणि जागी चिकटपट्टीचे ठिपके असतील, तर ती तबकडी दुसऱ्या मशीनची. पाठीवर तबकडी बनवणाऱ्याची खूण असू शकते, जशी सिंगरची. मूळ पाठ बहुधा एकसारखी काळवंडलेली असते. रंगवायला गेलेली तबकडी आम्लातून आणि घासणीतून जाते, त्यामुळे पाठही चकचकीत होते.

सुरुवातीला सांगितलेल्या घड्याळाची तबकडी मी अशीच एकदा उतरवून घेतली. पाठ नव्या नाण्यासारखी पिवळीधमक होती, आणि एका पायाशेजारी सुईने चार आकडे ओरखडलेले: रंगवणाऱ्याने आपल्या कामाला दिलेला क्रमांक असावा. घड्याळजीने काही न बोलता ती मला दाखवली, मग उलटी करून पुन्हा बसवली. ते घड्याळ अजून माझ्याकडे आहे. मशीनमुळे ठेवलंय.